काचेच्या घरातील भिंत

वास्तुशिल्पाचे प्रदर्शन ही मुळातच अडचणीची गोष्ट. चित्र भिंतीवर टांगता येते; घर टांगता येत नाही. म्हणून बहुधा नकाशे, छायाचित्रे आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृती यांवरच प्रेक्षकाची बोळवण होते. पॅरिसच्या कार्तिए कलासंस्थेत ९ डिसेंबर २०२३ ते २१ एप्रिल २०२४ पर्यंत भरलेल्या प्रदर्शनात 'स्टुडिओ मुंबई'चे बिजॉय जैन यांनी ही वहिवाट मोडली. ज्याँ नूव्हेल यांच्या काचेच्या इमारतीत त्यांनी दगडमातीची शिल्पे, देशी घरांच्या दर्शनी भिंती आणि ताजियांवरून सुचलेल्या बांबूच्या रचना मांडल्या. सुतार-गवंड्यांस हुकमाचे ताबेदार न मानता सहकारी मानणारा हा वास्तुशिल्पज्ञ. नांदगावच्या 'पामायरा' गृहाच्या ताडाच्या झडपांत (२००७) त्याचे फळ दिसते. एवढे श्रेय निर्विवाद.

परंतु सालवडच्या प्रेक्षकास येथे थबकावे लागते. कारवीचा कूड आणि शेणामातीचा लेप आम्हांस नवा नाही. तारापूरच्या कारखान्यांशेजारी आमच्या वारली घरांतून तो कूड जाऊन विटा-पत्रा येत आहे, तो रसिकता आटली म्हणून नव्हे. कूड वरचेवर लिंपावा लागतो. त्यास रानातील कारवी हवी, घरात रिकामे हात हवेत. पाळीवर जाणाऱ्या बाईजवळ ते कोठून असणार? काचेआडच्या भिंतीवर पाऊस पडत नाही, चुलीचा धूर बसत नाही. तिचे मौन फार सुंदर आहे. पण लिंपणाऱ्या हातांचे कष्ट त्या मौनात बुडाले आहेत.

हे प्रदर्शन एकदा पालघरास यावे. त्या लेपावरून हात फिरवून आमच्या बाया काय म्हणतील, ते ऐकण्याची आम्हांस फार उत्सुकता आहे.