पुन्हा जन्म मिळाला तर? एका प्रश्नाची चिकित्सा

टोकियोच्या सांख्यिकी गणित संस्थेने १९५३ पासून दर पाच वर्षांनी जपानी लोकांच्या ‘राष्ट्रीय स्वभावा’ची पाहणी चालवली आहे. प्रश्न विचारणारे लोकांच्या घरी जातात आणि ठरलेले प्रश्न ठरलेल्याच शब्दांत विचारतात. १९५८ साली त्यांत एका प्रश्नाची भर पडली. तुम्हाला पुन्हा जन्म घेता आला, तर पुरुष व्हायला आवडेल की स्त्री? नव्वद टक्के पुरुष म्हणाले, पुरुषच. स्त्रियांपैकी ‘पुन्हा स्त्री’ म्हणणाऱ्या अवघ्या २७ टक्के निघाल्या; ६४ टक्के स्त्रियांनी पुरुषाचा जन्म मागितला. पुढे चित्र पालटत गेले. २०१३ मध्ये ७१ टक्के स्त्रियांना पुन्हा स्त्रीच व्हायचे होते. पुरुष मात्र ८७ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी!

हे आकडे वाचून कोणीही चटकन म्हणेल की, पंचावन्न वर्षांत जपानी स्त्रीचे दिवस पालटले, ती पुरुषाच्या बरोबरीला आली. आमच्या मते या प्रश्नातून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही. त्याच २०१३ साली जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष विषमतेच्या यादीत जपान १३६ देशांत १०५ वा होता. मग वाढले ते काय? स्त्रीच्या जगण्याची गोडी वाढली, की पुरुषाच्या जगण्याची गोडी तिच्या लेखी कमी झाली? अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्द ज्या भाषेत रूढ झाला, तेथे कचेरीत राबणाऱ्या नवऱ्याचे आयुष्य पाहून ‘हे नको’ असे बायकोने म्हणणे अगदी शक्य आहे. प्रश्न या दोन कारणांत फरक करत नाही. ‘का?’ हा शब्द त्यात नाही, आणि हीच त्याची मोठी उणीव.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. दर खेपेला माणसे नव्याने निवडली जातात. १९५८ मध्ये ‘पुरुष’ म्हणणाऱ्या बाईने पुढे मत बदलले की नाही, हे यातून कळत नाही. तिच्या जागी तिच्या मुली आणि नाती उत्तरे देऊ लागल्या, एवढे नक्की. तेव्हा ‘स्त्रियांचे मत बदलले’ या वाक्यातल्या ‘स्त्रिया’ कोण, हे विचारायला हवे.

पुरुषांचा आकडा हलला नाही, याचाही अर्थ जपून लावायला हवा. माणसाला ओळखीचे तेच बरे वाटते. शिवाय घरी आलेल्या परक्या माणसापुढे ‘मला बाई व्हायला आवडेल’ असे म्हणणाऱ्या पुरुषाला हसे होण्याची धास्ती असते. ‘मला पुरुष व्हायला आवडेल’ म्हणणाऱ्या बाईला ती तितकी नसते. म्हणून ८७ आणि ७१ हे आकडे एकाच फूटपट्टीचे मानता येत नाहीत. पण ओळखीची ओढ स्त्रियांनाही असणारच ना? ती तोडून ६४ टक्के स्त्रिया पलीकडे गेल्या. सगळ्या पाहणीत आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो हा आकडा, २०१३ चा नव्हे.

प्रश्नकर्त्यांच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. शब्द न बदलता तोच प्रश्न दशकानुदशके विचारत राहणे हे चिकाटीचे काम आहे. ‘पुन्हा जन्म’ ही कल्पनाही सोयीची. आजचे शरीर, संसार, मुले यांना धक्का न लावता मन मोकळे करता येते. (आपल्याकडे वटपौर्णिमेला सात जन्म तोच पती मागताना सातही जन्म बाईचेच, हे गृहीत धरलेले असते. तिला कोणी विचारत नाही!) मात्र याच सोयीमुळे या प्रश्नाचा संबंध पारलिंगी व्यक्तींशी जोडता येत नाही. पुढचा जन्म कोणता हवा, हा त्यांचा प्रश्न नाही. आपण आज कोण आहोत, हे त्या सांगत असतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला तो स्वतःची लिंग-ओळख ठरवण्याचा हक्क, निव्वळ आवड-निवड नव्हे.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. ‘मी मुलगा असते तर...’ हा निबंध शाळांत नवा नाही. ‘तरीही मला मुलगी असल्याचा अभिमान आहे’ असा शेवट केला की गुण चांगले पडतात, हे मुली लवकर शिकतात. म्हणजे उत्तर आधीच ठरलेले. खरे उत्तर हवे असेल तर निबंध नको, चिठ्ठ्या घ्याव्यात. नाव लिहायचे नाही. फक्त मुलगी की मुलगा एवढी खूण, निवड आणि खाली एका वाक्यात कारण. संध्याकाळी सातनंतर बाहेर राहता येईल, भांडी घासावी लागणार नाहीत, रडलो तरी कोणी चिडवणार नाही, अशी कारणे येतील तेव्हा चर्चा निवडीवर नव्हे, कारणांवर व्हावी. चिठ्ठ्या शिक्षकांनीच वाचाव्यात, म्हणजे अक्षर ओळखले जाणार नाही. आणि वर्गात मुली सहाच असतील तर टक्केवारी काढू नये. सहापैकी किती, एवढेच फळ्यावर लिहावे.