पंधरा मिनिटांची लोककला

खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात उभे राहिले की सिंहगड दिसतो आणि त्याच्या माथ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा. समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटरवरून सुटलेल्या लहरींना अडवणार कोण? सामुदायिक रेडिओचे नशीब नेमके उलटे. 2006च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्याला 100 वॅटची शक्ती आणि जमिनीपासून फार तर 30 मीटर उंचीचा अँटेना दिला. सपाटीवर आठ-दहा किलोमीटर. मध्ये टेकडी आली की तेवढेही नाही. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ 2005पासून गणेशखिंडीतून 107.4वर बोलते, लॉ कॉलेज रस्त्यावरून रेडिओ एफटीआयआय. खडकवासला 2021मध्ये महापालिकेत आले, पण शंभर वॅटच्या हिशेबाने ते अजून गावाबाहेरच आहे.

हा तोकडेपणा मला दोष वाटत नाही. गाणारा आणि ऐकणारा एकाच एसटीने जातात, एकाच दुकानात उधारी ठेवतात, अशी प्रसारणाची कल्पना दुसऱ्या कुठल्याही माध्यमात नाही. म्हणून या केंद्रांच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची परीक्षाही त्याच मापाने व्हायला हवी.

ऐकताना मात्र ठिकठिकाणी तोच तक्ता कानावर येतो. सकाळी अभंग, मग आरोग्य, दुपारी चित्रपटगीते, संध्याकाळी नाट्यगीत, रविवारी पंधरा मिनिटे लोकसंगीत. याला विविधता म्हणतात. खरे तर ही 1957 साली सुरू झालेल्या विविध भारतीची वही लहान अक्षरात उतरवून काढलेली आहे. रुखवतासारखा प्रकार: सगळे नीट मांडलेले, हात लावायला बंदी. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, असा नियम आहे. पण निवेदिका शेजारच्या आळीची आणि गाणे मुंबईच्या स्टुडिओतले, एवढ्याने तो नियम खरोखर पाळला गेला का?

सर्वांत जास्त हाल होतात भजनाचे. वारकरी भजन हे एकट्याचे गाणे नव्हे. वीणेकरी चरण उचलतो, समोरासमोर उभे असलेले टाळकरी तो झेलतात, पखवाज हळूहळू लय चढवतो आणि अर्ध्या तासाने कुठे चालीला रंग भरतो. स्टुडिओची खोली लहान, म्हणून पाचच जण बोलावायचे. टाळ माइकवर बोचतात, म्हणून ते मागे सरकवायचे. आणि रंग भरायच्या आत वेळ संपली म्हणून आवाज खाली घ्यायचा. श्रोत्यापर्यंत पोहोचतो तो एक बऱ्या आवाजाचा गृहस्थ. मंडळ दाराबाहेरच राहते. काकड्याला पहाटे देवळात माइक नेला तर बाहेरच्या बसचा हॉर्नही मुद्रित होईल, हे खरे. होऊ द्यावा. हे गाणे रस्त्याकडेच्या देवळातलेच आहे.

रेडिओने कलेला किती वेळ द्यावा, याचा धडा पुण्यातच आहे. 1953मध्ये सुरू झालेल्या पुणे आकाशवाणीने 1 एप्रिल 1955पासून वर्षभर ‘गीतरामायण’ चालवले. कार्यक्रम नियोजक सीताकांत लाड, कवी माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. 56 गीते, आठवड्याला एक. हाती असलेल्या ध्वनिमुद्रिका फिरवत बसण्याऐवजी केंद्राने नवे लिहवून घेतले. सामुदायिक केंद्राकडे तसे कलावंत आणि पैसा नसेल. पण वर्षभर एका गोष्टीच्या मागे लागण्याला पैसा कमी आणि चिकाटी जास्त लागते.

तेलंगणातल्या मेदक भागात दलित स्त्रियांनी 2008मध्ये सुरू केलेल्या संगम रेडिओने आपल्याच बोलीत आपलीच गाणी, बियाण्यांच्या गोष्टी सांगितल्या. आपल्याकडे म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ त्याच वाटेवरची. खडकवासल्याच्या भोवती तर कच्चा माल पडून आहे. सिंहगडावर तुळशीदास शाहिराचा पोवाडा आहे. शेजारच्या मुळशीच्या गावांतून गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. तो संग्रह पुढे एक लाखाच्या वर गेला आणि 2017पासून ग्रामीण भारताच्या ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहालयावर येऊ लागला. पण ओवीखाली कीबोर्ड वाजवण्याचा मोह केंद्रांना आवरत नाही. जात्याची घरघर हीच तिची साथ; ती काढली की उरतात दोन ओळी आणि एक केविलवाणा आवाज.

या परिसराला वाहिलेल्या केंद्राचे मी कल्पनेत वेळापत्रक करतो, तेव्हा पहिला कार्यक्रम गाण्याचा नसतो. बातम्यांवर बंधने असली तरी पाणी, हवामान, आपत्तीच्या सूचना देता येतात. पावसाळ्यात मुठेतल्या विसर्गाचा क्युसेकचा आकडा सांगून झाला की घाईने पुढचे गाणे लावू नये. 12 जुलै 1961च्या सकाळी पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले. ती सकाळ पाहिलेल्या आजीला तिथे बोलू द्यावे. तेव्हा विशी ओलांडलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना जिने चढवून स्टुडिओत आणण्यापेक्षा माइक ओट्यावर नेणे सोपे, आणि जाते अजून घरात असेल तर तेही तिथेच कोपऱ्यात असते.