राजा मागणाऱ्यांचं नेमकं काय चुकलं? पहिले शमुवेल, अध्याय ८ पुन्हा वाचताना

मागच्या व्याख्यानात आपण शास्ते या पुस्तकाच्या शेवटी येऊन थांबलो होतो. त्या काळी इस्राएलात राजा नव्हता आणि जो तो आपल्या मनाला येईल तसं वागत होता, अशी खंत तिथे लेखक पुन्हा पुन्हा व्यक्त करतो. राजा नव्हता ही आठवण शेवटच्या पाच अध्यायांत चार वेळा येते. तीन पानं पुढे उलटली, मधलं रूथचं छोटं पुस्तक ओलांडलं, की आपण पहिल्या शमुवेलात येतो. तिथे आठव्या अध्यायात लोक खरोखरच राजा मागतात, आणि परमेश्वर म्हणतो की त्यांनी मला नाकारलं. आता प्रश्न असा की राजा नव्हता म्हणून अनर्थ झाला, हे एका पुस्तकाने सांगायचं, आणि राजा मागितला म्हणून पाप झालं, हे दुसऱ्याने सांगायचं. मग लोकांनी करायचं तरी काय होतं?

हा प्रश्न आज घेण्याचं कारण सांगायला हवं. या अध्यायावरचे उपदेश आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. लोक जगासारखे व्हायला निघाले, देवाने नेमलेल्या माणसाला कंटाळले, म्हणून त्यांना राजा मिळाला आणि पुढे पस्तावले. तात्पर्य काय, तर जे आहे त्यात समाधान माना. पण हाच साचा कधी कधी फार सोयीचा होतो. मंडळीच्या सभेत कुणी उठून हिशेब विचारला, पाळकाच्या मुलालाच पुढे पाळक का करायचं असं विचारलं, की त्याला हा अध्याय ऐकवला जातो. 'तू शमुवेलाला नाकारत नाहीस, देवाला नाकारतोयस.' एवढं म्हटलं की विचारणारा गप्प बसतो. आमचं म्हणणं असं की हे वाचन चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्याचा पुरावा याच अध्यायात आहे.

सुरुवातीपासून बघूया. शमुवेल म्हातारा झाला आणि त्याने आपल्या मुलांना इस्राएलावर शास्ते नेमलं. थोरला योएल, धाकटा अबीया. दोघे दक्षिणेला बैर-शेब्यात बसत. शमुवेल स्वतः दरवर्षी बेथेल, गिलगाल, मिस्पा अशी फेरी करून रामा या आपल्या गावी परत येत असे. म्हणजे मुलं बापाच्या नजरेपासून लांब होती. ही मुलं पैशाच्या मागे लागली, लाच घेऊ लागली, न्याय वाकडा करू लागली. मग वडीलजन रामा इथे आले आणि त्यांनी तोंडावर सांगितलं, की तुम्ही म्हातारे झालात आणि तुमची मुलं तुमच्यासारखी नाहीत. यात एक तरी शब्द खोटा आहे का? नाही. लेखकाने स्वतःच दोन ओळी आधी हेच सांगून ठेवलं आहे. शमुवेलाला वाईट वाटतं ते राजाच्या मागणीबद्दल. मुलांबद्दलच्या तक्रारीला तो उत्तरच देत नाही. परमेश्वरही त्या तक्रारीला खोटं म्हणत नाही.

इथे थोडं मागे जाऊया, कारण ही गोष्ट घडते आहे शमुवेलाच्या बाबतीत. लहानपणी तो शिलो इथे एलीच्या हाताखाली वाढला. एलीची मुलं, होफनी आणि फिनहास, यज्ञाच्या मांसातला हवा तो तुकडा जबरदस्तीने उचलत असत. आणि एका रात्री त्या पोराला देवाने हाक मारून पहिला निरोप कोणता दिला? एलीने आपल्या मुलांना आवरलं नाही, म्हणून त्याच्या घराण्याचा न्याय होणार. सकाळी तो निरोप त्याला त्या म्हाताऱ्याला सांगावा लागला. तोच शमुवेल आता म्हातारा झाला आहे, त्याच्याही मुलांना कुणी आवरलेलं नाही, आणि निरोप आणणारे आहेत वडीलजन. शिवाय शास्त्यांचं पद बापाकडून मुलाकडे जाण्याची रीत नव्हती. गिदोनाला लोकांनी वंशपरंपरेने राज्य देऊ केलं, तेव्हा मी राज्य करणार नाही आणि माझा मुलगाही करणार नाही, असं तो म्हणाला होता. मुलांना नेमण्याची कल्पना शमुवेलाची. देवाने तसं सांगितल्याचा उल्लेख कुठेही नाही.

आता मूळ हिब्रू भाषेतल्या दोन शब्दांकडे येऊया. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ते झाकले जातात.

पहिला शब्द 'मिश्पात', म्हणजे न्याय, रीत, हक्क. ज्या धातूपासून हा शब्द येतो, त्यापासूनच 'शास्ते' या पुस्तकाचं हिब्रू नाव येतं. मराठीत आपण 'शास्ते' म्हणतो, त्यात शासनाचा वास येतो, न्यायाचा येत नाही. हिब्रूत मात्र एकाच सुरात सगळं चालतं. मुलांनी 'मिश्पात' वाकडा केला. लोकांनी न्याय करणारा राजा मागितला. देव म्हणाला, राजाचा 'मिश्पात' कसा असेल ते त्यांना सांग. लोकांना न्याय हवा होता, आणि त्यांना राजाचे हक्क ऐकवले गेले.

दुसरा शब्द 'लाकाख', म्हणजे घेणे. शमुवेल राजाची जी रीत सांगतो, तिच्यात हे क्रियापद चार वेळा येतं. राजा तुमची मुलं घेईल, रथांसाठी आणि घोड्यांसाठी. मुली घेईल, सुगंधी द्रव्यं आणि स्वयंपाक करायला. शेतं, द्राक्षमळे, जैतुनाचे बाग घेईल आणि आपल्या चाकरांना देईल. दास-दासी आणि गाढवं घेईल. वर धान्याचा दशांश, मेंढरांचा दशांश. शेवटी तुम्ही त्याचे दास व्हाल. पण हाच शब्द याच अध्यायात त्याआधी एकदा येऊन गेला आहे. शमुवेलाच्या मुलांनी लाच 'घेतली', तिथे. एलीची मुलं मांस उचलत, तिथेही तोच आहे. म्हणजे घेणं हा राजांनी आणलेला नवा रोग नव्हे. तो याजकांच्या घरात होता, शास्त्याच्या घरात होता, आणि राजाच्या घरात तो सैन्य घेऊन येणार होता.

बाराव्या अध्यायात शमुवेल निरोप घेतो, तेव्हा तो लोकांना विचारतो की मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाच्या हातून लाच घेतली? एका वचनात तीन वेळा तोच शब्द. लोक म्हणतात, तुम्ही काही घेतलं नाही. खरंच आहे ते. पण त्याच्या आधीच्या वचनात तो म्हणून जातो, की माझी मुलं तुमच्यात आहेतच. तेवढंच. त्यांनी काय घेतलं, हे तो विचारत नाही आणि लोकही काढत नाहीत. एका स्वच्छ माणसाची ही आंधळी जागा लेखकाने न झाकता आपल्यासमोर ठेवली आहे. हा अध्याय शमुवेलाच्या बाजूने डोळे मिटून लिहिलेला नाही, असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

मग लोकांचं चुकलं कुठे? चुकलंच. पण तक्रारीत नाही, उपायात. बापाच्या पुण्याईवर मुलं खुर्चीत बसली आणि बिघडली, ही तक्रार. आणि उपाय काय मागितला? राजा. म्हणजे जिथे बापानंतर मुलगा बसणार हे ठरलेलंच, अशी व्यवस्था! आणखी बघा, पहिल्यांदा ते म्हणतात, आमचा न्याय करायला राजा द्या. शमुवेलाचा इशारा ऐकल्यावर दुसऱ्यांदा म्हणतात, तो आमच्या पुढे चालेल आणि आमच्या लढाया लढेल. न्यायासोबत आता लढाई आली. भीती बोलू लागली.

ती भीतीही पोकळ नव्हती. पलिष्ट्यांनी एकदा कराराचा कोश पळवून नेला होता. पुढे तेराव्या अध्यायात वाचतो की इस्राएलात लोहार नव्हता. नांगराचा फाळ पाजवायलाही पलिष्ट्यांकडे जावं लागे. लढाईच्या दिवशी तलवार-भाला होता फक्त शौल आणि योनाथान यांच्याकडे. अशा लोकांना 'विश्वास ठेवा' एवढंच सांगणं सोपं असतं. देव स्वतः मात्र तसं करत नाही. नवव्या अध्यायात शौलाला नेमण्याचं कारण तो शमुवेलाला सांगतो, की माझ्या लोकांची हाक माझ्यापर्यंत आली आहे. आदल्या अध्यायात ज्याला नाकारलं, तोच त्यांची हाक ऐकतो आहे.

अभ्यासक इथे म्हणतील, अहो, हे दोन वेगळे लेखक आहेत. युलिउस वेलहाउझेन या जर्मन पंडिताने १८७८ मध्ये हे ठळकपणे मांडलं. नववा आणि अकरावा अध्याय राजाला अनुकूल, आठवा आणि बारावा प्रतिकूल आणि उशिराचा. पुढे मार्टिन नोट यांनी १९४३ मध्ये म्हटलं, की बंदिवासाच्या काळातल्या एका लेखकाने जुनं साहित्य जोडून हा सगळा इतिहास रचला. धागे वेगळे आहेत हे आम्हालाही पटतं. पण ज्याने ते शेजारी शेजारी ठेवले, तो काही झोपेत नव्हता. राज्य गेलेलं पाहून बसलेल्या लोकांना त्याने दोन्ही बाजू जपून दिल्या. त्यातली एकच उचलायची, तर आपण त्याच्यापेक्षा कमी प्रामाणिक ठरू.

एकच बाजू उचलली की काय होतं, याची उदाहरणं इतिहासात आहेत. स्कॉटलंडचा राजा जेम्स, जो १६०३ मध्ये इंग्लंडचाही राजा झाला, त्याने १५९८ मध्ये राजसत्तेवर एक पुस्तक लिहिलं. हाच अध्याय घेऊन त्याने सांगितलं, की राजा काय काय घेईल हे देवाने आधीच कळवलं होतं, तेव्हा आता प्रजेने निमूट सोसावं. पुढे १७७६ मध्ये अमेरिकेत थॉमस पेन यांनी हाच अध्याय घेऊन सांगितलं, की देवाला राजेशाही मुळातच नको आहे. एका अध्यायातून सिंहासनही निघालं आणि बंडही. जेम्सने इशाऱ्याची परवानगी करून टाकली, ते तर उघड चूक. पेन मजकुराच्या जास्त जवळ आहेत, पण अनुवाद या पुस्तकाचा सतरावा अध्याय त्यांच्या आड येतो. तिथे जवळजवळ याच शब्दांत, इतर राष्ट्रांसारखा राजा मागितलात तर, अशी सोय आहे आणि राजाला परवानगी आहे. अट एवढीच, की त्याने घोडे, बायका, सोनं-रुपं वाढवू नये, नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती रोज वाचावी, आणि आपल्या भावांपेक्षा स्वतःला मोठं समजू नये.

म्हणजे शास्त्राचा आक्षेप आहे तो ज्याला कुणी विचारू शकत नाही अशा सत्तेवर. पुढचा इतिहास याच मापाने मोजला जातो. दावीदाने बथशेबेला 'घेतलं', तिथे तेच क्रियापद आहे. नाथान संदेष्टा गरिबाची मेंढी 'घेणाऱ्या' श्रीमंताची गोष्ट सांगून दावीदाला त्याच्याच तोंडून दोषी ठरवतो. शलमोनाने लबानोनात लाकडं तोडायला तीस हजार माणसं वेठीला धरली, महिन्याला दहा हजार अशा पाळीने. त्याचा मुलगा रहबाम शखेमला गेला, तेव्हा लोकांनी राज्य मोडायची भाषा केली नव्हती. जू हलकं करा, एवढंच ते म्हणत होते. म्हाताऱ्या सल्लागारांनी सांगितलं, आज यांचा सेवक हो, ते कायमचे तुझे होतील. त्याने ऐकलं नाही, राज्य दुभंगलं, आणि वेठीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी मारलं.

आता विश्वासाच्या दृष्टीने यातून काय घ्यायचं? एक तर, खरी तक्रार करणं म्हणजे अविश्वास नव्हे. वडीलजनांनी सत्य सांगितलं होतं. दुसरं, तक्रार खरी म्हणून मागितलेला उपायही बरोबरच असेल असं नाही. चिडलेल्या आणि घाबरलेल्या लोकांना एक बलवान माणूस हवासा वाटतो. आमच्या लढाया त्यानेच लढाव्यात, आम्ही सुटलो. परमेश्वराला नाकारणं म्हणजे काय, ते आम्हाला या सुटकेच्या इच्छेत दिसतं. जबाबदारी कराराने सगळ्या लोकांवर टाकली होती. ती त्यांना एका माणसाच्या खांद्यावर द्यायची होती.

आणि तिसरी गोष्ट शमुवेलाची. तो दुखावला होता. त्याची बाजू हरली होती. बाराव्या अध्यायात तो लोकांना त्यांची चूक स्पष्ट सांगतो, तुम्ही आणि तुमचा राजा दोघेही एकाच आज्ञेखाली आहात हे बजावतो. लोक घाबरतात, तेव्हा तो त्यांना धीर देतो, आणि तुमच्यासाठी प्रार्थना करायची मी थांबलो तर ते माझं पाप ठरेल, असं म्हणतो. सभेत आपलं मत पडलं की आपण काय करतो? घरी बसतो, किंवा वेगळी मंडळी काढतो. शमुवेल नको असलेल्या व्यवस्थेतही राहिला, शिकवत राहिला, आणि वेळ आली तेव्हा शौलालाही त्याने सोडलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी हिशेब विचारणाऱ्यावर हा अध्याय फेकला, तर शांतपणे पुस्तक उघडा आणि तिसरं वचन वाचायला सांगा. लाच कुणी घेतली होती, ते तिथे लिहिलेलं आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण हरवलेली गाढवं शोधत निघालेल्या शौलाकडे जाऊ. नऊ ते अकरा हे अध्याय वाचून या. आज इथेच थांबूया.