पुनर्वित्त की पुनर्विचार? : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या शासकीय कर्जाची चिकित्सा

प्रास्ताविक

संकटात सापडलेल्या उत्पादकाला शासनाने कर्ज द्यावे, ते फिटेनासे झाले की मुदत वाढवून द्यावी आणि तरीही फिटेना तर माफ करावे, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. नैसर्गिक आपत्तीनंतर पीककर्जाचे पुनर्गठन, २००८ सालची केंद्र शासनाची कर्जमाफी आणि २०१७ सालची महाराष्ट्र शासनाची कर्जमाफी या निमित्ताने आपल्याकडे या विषयावर विपुल लेखन झाले आहे. मात्र या चर्चेत कर्ज कोणाचे, ही बाब बहुधा गृहीतच धरली जाते. ज्याने उचलले त्याचे, इतके साधे उत्तर आपण मनाशी बाळगून असतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन, ओरेगॉन व कॅलिफोर्निया या तीन राज्यांच्या किनाऱ्यावरील ट्रॉलरधारक मच्छीमारांचे उदाहरण या गृहीतकालाच धक्का देणारे आहे. येथे व्यवसाय सोडून गेलेल्यांना दिलेल्या रकमेची परतफेड व्यवसायात राहिलेल्यांनी करावयाची होती. या कर्जाच्या पुनर्वित्तासाठी २०१४ साली अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कर्जाचा उगम

१९७६ साली अमेरिकेने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मत्स्यसंपत्तीवर आपला अधिकार प्रस्थापित केला. परदेशी बोटी हटवायच्या आणि त्यांची जागा देशी बोटींनी घ्यायची, हे त्यामागील सूत्र होते. बोटबांधणीसाठी शासनाची कर्जहमी व करसवलत उपलब्ध होती. परिणामी बोटी वाढल्या, त्यांची क्षमता वाढली आणि समुद्रतळाशी वावरणाऱ्या मासळीचे साठे, विशेषतः रॉकफिश या गटातील अनेक जाती, खालावत गेल्या. हे मासे सावकाश वाढतात, उशिरा प्रजननक्षम होतात आणि त्यांतील काही जाती शंभर वर्षांहून अधिक जगतात. त्यामुळे एका पिढीने केलेला उपसा भरून निघण्यास निसर्गाला फार मोठा अवधी लागतो. अखेर २००० साली अमेरिकेच्या वाणिज्य मंत्र्यांनी या मत्स्यव्यवसायावर आर्थिक आपत्ती ओढवल्याचे जाहीर केले. साठ्यांची घट आणि बोटींमध्ये झालेली अतिरिक्त गुंतवणूक ही त्याची प्रमुख कारणे होती.

बोटी जास्त आणि मासळी कमी असेल तर बोटी कमी कराव्यात, हा उपाय तर्काला धरूनच होता. २००३ साली शासनाने परवाने व बोटी परत विकत घेण्याची योजना राबविली. एकूण खर्च ४ कोटी ५७ लाख डॉलर. त्यांपैकी १ कोटी डॉलर शासनाने अनुदान म्हणून दिले आणि उर्वरित ३ कोटी ५७ लाख डॉलर कर्जाच्या रूपाने उभे केले. बोली मागवून ९१ बोटी मासेमारीतून कायमच्या बाद करण्यात आल्या. काढून घेतलेल्या परवान्यांचा त्या वेळच्या एकूण उतरवलेल्या मासळीतील वाटा सुमारे ४६ टक्के होता. कर्ज मात्र मागे उरलेल्यांच्या नावे पडले. मुदत ३० वर्षे, व्याजदर ६.९७ टक्के आणि परतफेडीसाठी बंदरावरील पहिल्या विक्रीच्या किमतीतून जास्तीत जास्त ५ टक्के कपात, अशा त्याच्या अटी होत्या. बाद झालेल्या बोटी खेकडे व कोळंबीही पकडत असल्याने तीन राज्यांतील त्या व्यवसायांवरही कर्जाचा काही वाटा टाकण्यात आला. ट्रॉलरधारकांच्या वाट्याला सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर आले.

अटींचे परीक्षण

या अटींपैकी तीन बाबी चिकित्सेस पात्र आहेत. पहिली, व्याजदर. शासनाला स्वतःला ज्या दराने कर्ज मिळते त्यावर २ टक्के अधिक घेऊन हा दर ठरतो. बोटी कमी करणे ही सार्वजनिक हिताची, संवर्धनाची कृती आहे असे एकीकडे म्हणावयाचे आणि दुसरीकडे त्याच कृतीवर शासनाने वरचा दर आकारावयाचा, यातील विसंगती उघड आहे.

दुसरी बाब, प्रशासकीय विलंब. बोटी बाद झाल्या, व्याज सुरू झाले. परंतु कपात वसूल करण्याची पद्धतच २००५ पर्यंत अस्तित्वात नव्हती. १८ महिन्यांहून अधिक काळ मच्छीमारांना इच्छा असूनही हप्ता भरण्याची सोय नव्हती. या अवधीत ४२ लाख डॉलरांहून अधिक व्याज साचले. ज्या विलंबात ऋणकोचा काडीमात्र दोष नाही त्याची किंमत ऋणकोने का मोजावी, या प्रश्नाचे उत्तर मूळ योजनेत कोठेही सापडत नाही.

तिसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. येथे हप्ता ठरलेला नाही. ठरलेली आहे ती विक्रीतील टक्केवारी. वरकरणी ही रचना मच्छीमाराला अनुकूल वाटते. मासळी कमी मिळाली तर कपातही कमी होते. परंतु व्याज मासळीची वाट पाहत नाही. २ कोटी ८४ लाखांवर ६.९७ टक्क्यांनी वर्षाला सुमारे १९ लाख ८० हजार डॉलर व्याज होते. ५ टक्के कपातीतून एवढी रक्कम जमण्यासाठी वर्षाची विक्री सुमारे ३ कोटी ९६ लाख डॉलर व्हावयास हवी. विक्री याहून कमी झाली की त्या वर्षी मुद्दल फिटणे तर दूरच, देणे वाढते. साठे वाचविण्यासाठी शासनच दरवर्षी पकडीची मर्यादा खाली आणत असताना परतफेड मात्र पकडीवर अवलंबून ठेवणे, हा या योजनेतील मूलभूत अंतर्विरोध आहे.

पुनर्वित्ताचा कायदा

२०११ साली या व्यवसायात प्रत्येक परवानाधारकाला पकडीचा स्वतंत्र हिस्सा नेमून देण्याची पद्धत आली. तिच्यासोबत प्रत्येक ट्रॉलरवर निरीक्षक ठेवण्याची सक्ती आली आणि त्याचा खर्च क्रमाने मच्छीमाराकडे वळला. २०१४ पासून व्यवस्थापनखर्चापोटी ३ टक्क्यांपर्यंतची आणखी एक कपात सुरू झाली. कर्जाचे ५ आणि व्यवस्थापनाचे ३ असे ८ टक्के विक्रीच्या रकमेतूनच, म्हणजे डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांचा वाटा वजा होण्यापूर्वीच, जाऊ लागले. कपात नफ्यावर नसून उलाढालीवर आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर सिनेटर मारिया कँटवेल आणि प्रतिनिधी जेमी हेरेरा ब्यूटलर यांनी पुढाकार घेतलेली पुनर्वित्ताची तरतूद डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षणखर्चाच्या वार्षिक कायद्यात समाविष्ट होऊन संमत झाली. जुने कर्ज फेडून नवे कर्ज द्यावे, त्याची मुदत ४५ वर्षे असावी, व्याजदर चालू बाजारस्थितीनुसार खाली आणावा आणि कपातीची कमाल मर्यादा ५ वरून ३ टक्के करावी, असा तिचा आशय होता.

या तीन सवलतींचे मूल्य समान नाही. समजण्यासाठी १०० डॉलर कर्ज आणि समान वार्षिक हप्ते गृहीत धरू. ६.९७ टक्के दराने ३० वर्षांत फेडल्यास हप्ता ८.०३ डॉलर आणि एकूण परतफेड २४१ डॉलर होते. दर तोच ठेवून मुदत तेवढी ४५ वर्षे केली तर हप्ता ७.३२ डॉलरवर येतो. एकूण परतफेड मात्र ३३० डॉलरवर जाते. म्हणजे वर्षाकाठी ७१ सेंटांच्या दिलाशासाठी अखेरीस ८९ डॉलर अधिक मोजावे लागतात. याउलट मुदत ३० वर्षेच ठेवून दर ३ टक्के केला तर हप्ता ५.१० आणि एकूण परतफेड १५३ डॉलर होते. खरा दिलासा दरात आहे, मुदतीत नाही. मुदतवाढ ही बहुतांशी आजचे ओझे उद्याच्या खांद्यावर ठेवण्याची रीत आहे. आणि येथे तो खांदा ज्याने २००३ साली या योजनेवर मत दिले त्याचा नसून त्याच्या मुलाचा किंवा परवाना विकत घेणाऱ्या त्रयस्थाचा असणार आहे.

शिवाय दर बाजाराशी जोडलेला असल्याने वेळेला फार महत्त्व येते. दर ३ टक्के आणि कपात ३ टक्के असेल तर व्याज भागविण्यासाठी २ कोटी ८४ लाखांची विक्री पुरते. परंतु दर ४ टक्क्यांवर गेला की हीच आवश्यक विक्री सुमारे ३ कोटी ७९ लाखांवर पोहोचते. जुन्या अटींखालील आकड्याहून ती फारशी कमी नाही. कायदा संमत झाल्यानंतरही काही वर्षे नवे कर्ज प्रत्यक्षात आले नाही. शासकीय कर्जाच्या अटी सैल करावयाच्या तर त्यामुळे कोषागारावर पडणाऱ्या भाराची स्वतंत्र अर्थसंकल्पीय तरतूद १९९० च्या कायद्यान्वये आधी करावी लागते. ती तरतूद हाच मार्गातील अडथळा ठरला. २००३ साली वसुलीची यंत्रणा नव्हती म्हणून व्याज वाढले, २०१४ नंतर तरतूद नव्हती म्हणून वाढत राहिले. दोन्ही वेळी कायदा होता. त्याला चालविणारे यंत्र नव्हते.

दुसरी बाजू

या विवेचनावर एक सबळ आक्षेप घेता येईल. ही योजना मच्छीमारांवर लादलेली नव्हती. तिच्यासाठी सार्वमत घेण्यात आले होते. स्पर्धक निघून गेल्याने मागे राहिलेल्यांचा लाभ झाला. एवढेच नव्हे, तर २०११ मध्ये पकडीचे हिस्से वाटताना बाद झालेल्या परवान्यांच्या नावची पकड उरलेल्या परवानाधारकांमध्ये समान वाटली गेली. म्हणजे त्यांना कर्जासोबत मालमत्ताही मिळाली. लाभ घेणाऱ्याने खर्च सोसावा, यात अन्याय कोठे आहे?

हा आक्षेप फेटाळण्याजोगा नाही. किंबहुना याच कारणासाठी संपूर्ण कर्जमाफीची मागणी समर्थनीय ठरत नाही. परंतु तो अर्धाच खरा आहे. अतिरिक्त बोटी एकट्या मच्छीमारांच्या लोभातून आल्या नव्हत्या. शासनाच्या प्रोत्साहनाचाही त्यात वाटा होता. १९९० च्या दशकात न्यू इंग्लंडमधील बोटी परत विकत घेतल्या गेल्या तेव्हा तो खर्च शासकीय निधीतून झाला होता. एकाच देशात, एकाच स्वरूपाच्या प्रश्नावर एका किनाऱ्याला अनुदान आणि दुसऱ्याला व्याजी कर्ज, हा भेद लाभाच्या तत्त्वाने स्पष्ट होत नाही. तसेच साठे सावरल्याचा लाभ केवळ परवानाधारकांचा नाही. कॅनरी रॉकफिशचा साठा २०१५ साली, तर बोकॅचिओ व डार्कब्लॉच्ड या जातींचे साठे २०१७ साली पूर्ववत झाल्याचे मानले गेले. ही संपत्ती सार्वजनिक आहे. तिच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय राष्ट्राने घ्यावे आणि बिल मात्र मूठभर बोटमालकांकडे पाठवावे, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

कायद्याचे मौन

पुनर्वित्ताच्या कायद्यात जे आहे त्याइतकेच जे नाही तेही बोलके आहे. मोबदला मिळाला तो परवाना व बोट यांच्या मालकांना. त्या ९१ बोटींवरील खलाशी, बंदरावर मासळी सोलणारे कामगार, जाळी विणणारे, बर्फाचे कारखाने यांचा या व्यवहाराच्या कोणत्याही रकान्यात उल्लेख नाही. कर्जाचा विचार करणारा कायदा स्वभावतःच ज्याच्या नावे खाते आहे त्यालाच पाहतो. ज्याचे खातेच नाही त्याची हानी त्याला दिसत नाही. आपल्याकडील कर्जमाफीच्या चर्चेतही भूमिहीन शेतमजूर असाच अदृश्य राहतो, हे साम्य नमूद करण्यासारखे आहे.

निष्कर्ष

पुनर्वित्ताचा हा कायदा अनावश्यक होता असे प्रस्तुत लेखकाला सुचवावयाचे नाही. व्याजदर व कपात कमी करणे ही योग्य आणि निकडीची पावले होती. परंतु पुनर्वित्त हे मूळ कर्जाच्या न्याय्यतेवर शिक्कामोर्तब करते. आधी ते कर्ज मान्य करावे लागते, मगच त्याच्या अटी सैल होतात. म्हणून पुनर्वित्तापूर्वी पुनर्विचार आवश्यक होता. शासकीय विलंबातून साचलेले व्याज वजा करणे, शासनाने स्वतःच्या ऋणदरापेक्षा अधिक दर न आकारणे, संवर्धनासाठी पकड कमी केली जाईल त्या वर्षी व्याजही थांबविणे आणि मूळ खर्चात सार्वजनिक वाटा निश्चित करणे, या चार गोष्टी झाल्या असत्या तर ४५ वर्षांच्या मुदतीची गरजच कदाचित भासली नसती. उत्पादकाचे कर्ज आणि निसर्गाची क्षमता यांची वेळापत्रके जेव्हा भिन्न असतात तेव्हा केवळ हप्त्यांची फेररचना पुरेशी ठरत नाही. ज्यांचे उत्पन्न समुद्रावर किंवा पावसावर अवलंबून आहे अशा कोणत्याही घटकासाठी कर्जधोरण आखताना हा निष्कर्ष विचारात घेतला जावा, इतकीच अपेक्षा.