‘युनिटी’, एकात्मता आणि एकवाक्यता

‘युनिटी’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठी समीक्षेत एकता, ऐक्य, एकात्मता, एकसंधता हे शब्द बहुधा समानार्थी म्हणून योजले जातात. वस्तुतः त्या प्रत्येकात एकपणाची निराळी कल्पना अनुस्यूत आहे आणि ती कलाकृतीविषयीच्या निर्णयातही नकळत उतरते.

‘युनिटी’ हा शब्द लॅटिन ‘ऊनितास’पासून फ्रेंचमार्गे मध्ययुगीन इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘ऊनुस’ हा ‘एक’ या अर्थाचा संख्यावाचक शब्द आहे. ‘ऊनुस’ आणि संस्कृत ‘एक’ ही एकाच आद्य भारोपीय प्रकृतीला भिन्न प्रत्यय लागून सिद्ध झालेली रूपे मानली जातात. गणनेतील ‘एक’लाही इंग्रजीत ‘युनिटी’च म्हणत; त्यासाठी ‘युनिट’ हे रूप जॉन डी याने १५७० मध्ये पुढे आणले. त्याच वर्षी ‘काव्यशास्त्रा’वरील कास्तेलवेत्रोचे इटालियन भाष्य प्रसिद्ध झाले आणि स्थल, काल व कृती यांच्या ऐक्यांना नियमाचे रूप आले. एक स्थळ, एक दिवस, एक कृती : येथे ऐक्य मोजता येते.

अॅरिस्टॉटलची भूमिका याहून सूक्ष्म आहे. नायक एक असल्याने कथानक एक होत नाही, हे तो आठव्या प्रकरणात स्पष्ट करतो. त्याची कसोटी संबंधांची आहे : एखादा घटक हलविला वा वगळला असता समग्र विस्कटले पाहिजे.

या कसोटीशी जवळचे नाते मीमांसेतील विचाराचे आहे. यजुर्मंत्रांच्या सीमा ठरविताना जैमिनीने वाक्याचे एकत्व अर्थाच्या एकत्वावर आणि विभाग केल्यास उरणाऱ्या साकांक्षतेवर आधारले. ‘एकवाक्यता’ ही संज्ञा याच परंपरेतील. व्यवहारातल्या मराठीत मात्र तिचा अर्थ मतैक्यापुरता उरला आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ‘एकात्मता’ म्हटले की घटकांमागे एखादे आत्मतत्त्व गृहीत धरले जाते. ते न सापडल्यास कृती सदोष ठरते. मर्ढेकरांच्या लयतत्त्वांत संवाद व समतोल यांच्यासह विरोधालाही स्थान आहे, कारण तेथे ऐक्य हे संबंधरूप आहे. ‘कोसला’तील (१९६३) रोजनिशीच्या नोंदी घटनाक्रमाच्या दृष्टीने गाळता येण्याजोग्या वाटतात, परंतु त्या गाळल्या तर पांडुरंग सांगवीकरचे उर्वरित निवेदन साकांक्ष राहते. अशा कृतीचे एकत्व ‘एकात्मता’ या शब्दाने निसटते, ‘एकवाक्यते’च्या मूळ अर्थाने हाती लागते. पर्यायी संज्ञेची निवड ही म्हणूनच समीक्षेची पहिली भूमिका ठरते.