टी-आरएनएचा पुनर्वापर आणि जिवाणूंची वाढ : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :

प्रथिन संश्लेषण शिकविताना टी-आरएनएला बहुधा हमालाची भूमिका दिली जाते. अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत पोचविले की त्याचे काम संपले, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. नांदेड व लातूर येथील सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापकांना ई. कोलायचा वृद्धिवक्र परिचित आहे. मात्र रिकामा झालेला टी-आरएनए पुन्हा कामाला लागला नाही, तर हा वक्रच आडवा होतो, याकडे क्वचितच लक्ष वेधले जाते. प्रस्तुत लेखात या संबंधाविषयीच्या पुराव्यांची चिकित्सा केली आहे.

विवेचन :

येथे दोन प्रक्रियांची गल्लत टाळली पाहिजे. नेहमीच्या चक्रात टी-आरएनए रिकामा होऊन रायबोसोमबाहेर पडतो व त्याच्यावर पुन्हा अमिनो आम्ल चढविले जाते. परंतु काही वेळा अर्धवट पेप्टाइडसह तो मध्येच गळून पडतो. मेनिंजर यांनी १९७६ मध्ये ही गळती दाखविली. अशा अडकलेल्या टी-आरएनएची सुटका पेप्टिडिल-टीआरएनए हायड्रोलेज हे विकर करते. ते उष्णतेने निकामी होणारा उत्परिवर्ती ई. कोलाय ३० अंश सेल्सिअसला वाढतो, ४३ अंशांना त्याची वाढ थांबते.

ती का थांबते, हा खरा प्रश्न आहे. साचलेला पेप्टिडिल-टीआरएनए स्वतः घातक ठरतो, की मुक्त टी-आरएनएचा तुटवडा पडतो? मेनिंजर यांच्या १९७९ च्या निबंधाने साठा प्राणघातक असल्याचे सांगितले. कारण मात्र मोकळेच राहिले. १९९६ मध्ये बकिंगहॅम व सहकाऱ्यांनी लायसिनच्या टी-आरएनएचे प्रमाण वाढविताच उत्परिवर्ती जिवाणू पुन्हा वाढू लागल्याचे दाखविले. लॅम्डा विषाणूच्या जेमतेम दोन कोडॉनांच्या 'बार' लघुजनुकावरील १९९८ च्या अभ्यासात असाच तुटवडा आढळला, पण तो आयसोल्युसिनच्या एका विरळ टी-आरएनएचा. म्हणजे एकूण साठा पुरेसा असूनही एका प्रकारच्या टंचाईने सारे काम अडते. आठवडी बाजारात धान्य मुबलक असावे आणि मीठच मिळू नये, तसे.

येथवर युक्तिवाद भक्कम आहे. मात्र यावरून निरोगी पेशीचा वाढीचा वेगही हे विकरच ठरविते, असा निष्कर्ष काढणे अतिव्याप्त होय. विकर निकामी केल्यावर वाढ थांबते, एवढ्याने ते एरवी वेगमर्यादा घालते असे सिद्ध होत नाही.

भारतीय संशोधनाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उमेश वार्ष्णेय व सहकारी यांनी २००१ मध्ये दाखविले की, क्षयाच्या जिवाणूचा रायबोसोम पुनर्चक्रण घटक ई. कोलायमध्ये एकट्याने काम करीत नाही. त्याला त्याच जिवाणूच्या ईएफ-जी प्रथिनाची जोड लागते. हा घटक पेप्टिडिल-टीआरएनए सोडविण्यातही भाग घेतो. एका जातीतील निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही, याचा हा ठोस दाखला आहे. क्षयावरील औषधांचा विचार करताना तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत कलरीमीटरने मोजलेली गढूळता वाढ मंदावल्याचे सांगते, कारण सांगत नाही. उत्परिवर्ती जिवाणूचा प्रयोग करावयाचा झाल्यास मूळ वाणही त्याच दोन तापमानांना वाढवावा लागेल. अन्यथा तापमानाचा सर्वसाधारण परिणाम टी-आरएनएच्या खात्यावर जमा होईल.