टँगो, परदेशी पाहुणे आणि स्पर्शाचा प्रश्न

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सत्तरीत टँगोवर काय बोलणार? खुलासा करतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी इथंच, लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करते आणि संध्याकाळी टँगो शिकते. रजा साठवून ती ब्वेनोस आयरेसला, म्हणजे अर्जेंटिनाच्या राजधानीत, तीन आठवडे नाचायला निघाली होती. जाण्याआधी भेटायला आली आणि म्हणाली, "सर, दोन पुस्तकं वाचली. एक वाचून वाटतं जाऊ नये, दुसरं वाचून वाटतं जावं. तुम्ही सांगा." मी ती पुस्तकं मागून घेतली. आजचं बोलणं त्या दोन पुस्तकांवर आहे.

आधी हा नाच म्हणजे काय ते थोडक्यात. सिनेमात दिसतो तो, गुलाब दातात धरून पाय फेकण्याचा, तो रंगमंचावरचा टँगो. सामाजिक टँगो निराळा. जिथं तो नाचतात त्या मेळ्याला मिलोंगा म्हणतात. गाणी तीन-तीन, चार-चारच्या गटानं वाजतात. त्या गटाला तांदा म्हणतात. एका तांदासाठी एक जोडीदार, म्हणजे साधारण दहा-बारा मिनिटं. मग मध्ये भलतंच संगीत वाजतं, जोड्या सुटतात. सगळी मंडळी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर विरुद्ध. आणि निमंत्रण? तोंडानं नाही. दुरून नजरेला नजर आणि मान किंचित हलवणं. याला काबेसेओ म्हणतात. समोरच्यानं नजर वळवली की नकार, चारचौघांत कुणाचाच अपमान नाही. मला ही युक्ती फार आवडली. आपल्याकडे लग्नं जमवताना असं काही असतं तर किती बरं झालं असतं!

आता पहिलं पुस्तक, मार्ता साविग्लियानो यांचं 'टँगो अँड द पोलिटिकल इकॉनॉमी ऑफ पॅशन', १९९५ सालचं. बाई अर्जेंटिनाच्या. त्यांचं म्हणणं असं, की वसाहतवादानं जगातून नुसता कापूस, साखर, मांस नेलं नाही, भावनाही नेल्या. गरीब देशांची 'उत्कटता' हा कच्चा माल. तो पॅरिस-लंडनला गेला, तिथं त्यावर प्रक्रिया झाली, 'विदेशी', 'मादक' असा छाप बसला आणि मग तोच माल अर्जेंटिनाला परत विकला गेला. १९१३च्या सुमारास पॅरिसनं टँगो डोक्यावर घेतला, तेव्हा कुठे ब्वेनोस आयरेसच्या प्रतिष्ठितांना तो आपला वाटू लागला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन यायचा, ते आम्ही शाळेत दादाभाईंच्या धड्यात शिकलो.

दुसरं पुस्तक केथी डेव्हिस यांचं, 'डान्सिंग टँगो', २०१५चं. या समाजशास्त्रज्ञ, स्त्रीवादी आणि स्वतः टँगो नाचणाऱ्या. अ‍ॅमस्टरडॅम आणि ब्वेनोस आयरेस या दोन शहरांतल्या नाचणाऱ्यांशी त्या बोलल्या. त्यांचा आक्षेप असा, की नुसत्या सिद्धांतानं पाहिलं तर नाचताना माणसाला प्रत्यक्ष काय होतं तेच निसटतं. पुरुष पुढाकार घेतो आणि बाई मागं जाते, हा नाच समतावादी बाईला हवाहवासा का वाटतो? हा प्रश्न त्या टाळत नाहीत, स्वतःलाच विचारतात. तो प्रामाणिकपणा मला मोठा वाटला.

पण दोघींच्या मध्ये एक घटना आहे. २००१चं अर्जेंटिनातलं आर्थिक संकट. पेसो कोसळला, परदेशी माणसाला तिथं राहणं स्वस्त झालं आणि टँगोसाठी येणाऱ्यांची रीघ लागली. पैसे घेऊन पाहुण्यांबरोबर नाचणारे जोडीदार मिळू लागले. म्हणजे मिठी तीच, पण एक जण रजेवर आणि दुसरा कामावर. डेव्हिस दोन संस्कृतींच्या भेटीबद्दल लिहितात. मला त्यात दोन पगार भेटताना दिसतात. अ‍ॅमस्टरडॅमची शिक्षिका ब्वेनोस आयरेसला जाते, ब्वेनोस आयरेसची शिक्षिका अ‍ॅमस्टरडॅमला हौसेखातर कितीदा जाते? या प्रश्नावर पुस्तकाचा जोर कमी पडतो.

साविग्लियानोंचंही मला पूर्ण पटत नाही. ज्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं, त्याच १९९५ साली शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर निबंध लिहिला. नाचणारीची जात, तिचं श्रमणं आणि तिच्या शरीरावर चालणारी इतरांची मालकी यांचा हिशेब त्यांनी मांडला. रेगे वाचल्यावर कळतं, की उत्कटतेचा कच्चा माल काढायला गोरा साहेबच लागतो असं नाही. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागायचे, समोर गिरणी कामगार बसायचे. गाव सोडून आलेले, बायकामुलं मागं ठेवलेले, एका गाळ्यात पाळीपाळीनं झोपणारे पुरुष. ब्वेनोस आयरेसमध्ये टँगो वाढला तोही अशाच बोटीनं आलेल्या एकट्या पुरुषांत. साम्य इथपर्यंत. पुढं वाटा फुटतात. तिथला कामगार स्वतः नाचायला उठला, इथला समोर बसून बघत राहिला. नाचायची ती ठरावीक जातींतली बाई. तिला हात लावणं बाजाराचा भाग होता, तिचा हात धरून बरोबरीनं चार पावलं टाकणं कुणाच्या मनातही आलं नाही.

हा स्पर्शाचा प्रश्न दोन्ही पुस्तकांत नाही, असणारही नाही. तो आपला आहे. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांचं 'द क्रॅक्ड मिरर' २०१२ साली आलं. त्यात सरुक्काईंचा अस्पृश्यतेवरचा निबंध आहे. न शिवून घेणारा माणूस स्वतःच्याच स्पर्शाचं काय करून बसतो, इथपर्यंत तो विचार नेतो. मी हा निबंध मित्रांबरोबर अनेकदा चर्चिला. आणि मग मुलीकडे अ‍ॅमस्टरडॅमला गेलो असताना तिनं मला एका मिलोंगाला नेलं. कोपऱ्यात बसलो होतो. माझ्याच वयाच्या एका बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी खाली बुटांकडे बघत राहिलो. नियमानं तो नकार झाला, अपमान नाही झाला. पण तो माझा निर्णय नव्हता, ती सवय होती. चार दशकं 'देह' या विषयावर व्याख्यानं दिली, आणि देहानं आयत्या वेळी हे केलं.

थोडं विषयांतर करतो. ओस्वाल्दो पुग्लिएसे नावाचा टँगोचा थोर संगीतकार होता. पक्का कम्युनिस्ट. त्याचा वाद्यवृंद सहकारी तत्त्वावर चालायचा, मिळकत वाटून घ्यायचे. तो तुरुंगात असला की साथीदार पियानोवर लाल फूल ठेवून कार्यक्रम करायचे. अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाला हा माणूस लगेच आपला वाटला असता. साविग्लियानोंच्या आयात-निर्यातीच्या हिशेबात तो नीट बसत नाही, म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. त्यानं वाजवलं ते पॅरिसनं शिक्का मारला म्हणून नव्हे, आणि त्याच्यावर नाचणारेही पाहुणे नव्हते.

तर विद्यार्थिनीला मी म्हटलं, जा. पैसे देऊन जोडीदार घेतलास तर तो कामावर आहे हे विसरू नकोस. त्याला प्रेमात पडल्यासारखं वागायला लावू नकोस. आणि परत आलीस की कोकणातल्या मंडळींची जाखडी बघायला चल. माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटली की घुंगरू बांधून मंडळाच्या सरावाला जायचे. मध्ये शाहीर आणि मृदंग, भोवती रिंगण. दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने रंगायचे, ते बघणारेही स्वतः नाचणारेच असायचे. तिथं कुणी ग्राहक नव्हता, कुणी कामावर नव्हतं.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, तुमच्या वडिलांच्या रिंगणात मला नाचू दिलं असतं?"

आता बायकांचेही संच निघालेत, हे मला माहीत आहे. पण तिनं विचारलं होतं वडिलांच्या रिंगणाबद्दल. माझी आई तीस वर्षं दारात उभी राहून ते घुंगरू ऐकत आली. मी तिला म्हटलं, नाही, दिलं नसतं.

इथं थांबतो. प्रश्न घेऊ या.